अवयव, अवयवी आणि पाचवा गिअर

जुन्या स्पोर्ट्स कारचा मूळ गिअरबॉक्स उतरवून त्या जागी आधुनिक पाच-गिअरी मॅन्युअल गिअरबॉक्स बसवणे हे काम आता चांगलेच रुळले आहे. जग्वार ई-टाइप, एमजीबी, ट्रायम्फ, डॅटसन अशा १९६० आणि १९७०च्या दशकांतल्या गाड्यांसाठी त्याचे तयार किट मिळतात. ज्यांना यंत्राचा हात आहे ते घरच्या गॅरेजमध्येही हे काम उरकतात. काम संपल्यावर मात्र एक प्रश्न उरतो आणि तो पान्याने सुटत नाही. रस्त्यावर उतरलेली गाडी ही पूर्वीचीच गाडी आहे, की तिच्या जागी आलेली दुसरी? भारतीय दर्शनांनी हा प्रश्न रथ, कापड आणि घडा यांच्या निमित्ताने विचारला, ग्रीकांनी जहाजाच्या. मंदिरांच्या जीर्णोद्धारात तो शास्त्रविधीचा प्रश्न झाला आणि इंग्लंडच्या न्यायालयात चक्क एका कोटी पौंडांच्या व्यवहाराचा. गिअरबॉक्सच्या उदाहरणाने त्याला एक पीळ पडतो, जो जुन्या उदाहरणांत नव्हता.

हा पीळ समजण्यासाठी आधी यंत्र पाहावे लागते. जग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जगासमोर आली. तिचा आकार विमान उद्योगातून आलेल्या माल्कम सेयर यांनी ठरवला होता. ३.८ लिटरचे सहा सिलिंडरांचे इंजिन, चारही चाकांना डिस्क ब्रेक, मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि ताशी १५० मैल वेगाचा दावा, असे तिचे रूप काळाच्या पुढचे होते. गिअरबॉक्स मात्र काळाच्या मागे राहिला होता. मॉस नावाने ओळखला जाणारा हा चार-गिअरी बॉक्स आधीच्या पिढीच्या रचनेचा. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हते, त्या गिअरचे दात सरळ कापलेले असल्याने तो घुमायचा, आणि वरच्या गिअरांचे सिंक्रोमेशही घाईने दांडा ओढणाऱ्याला दाद देत नसे.

गिअर बदलताना जी दोन फिरती अंगे एकमेकांत गुंतायची असतात, त्यांचे वेग जुळले नाहीत तर दात दातांवर घासतात आणि तो ओळखीचा कर्रकर्र आवाज येतो. सिंक्रोमेशमध्ये दात गुंतण्याच्या क्षणभर आधी एक कडी शंकूच्या आकाराच्या पृष्ठभागावर घासते आणि वेग जुळवून देते. अमेरिकेत अर्ल थॉम्पसन यांनी विकसित केलेली ही युक्ती १९२८ मध्ये कॅडिलॅक गाड्यांत आली. जिथे ती नाही, तिथे वेग जुळवण्याचे काम चालकाच्या पायांवर येते: क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला झटका द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. महाराष्ट्रात जुन्या मालट्रकांवर हात बसलेले चालक याला ‘डबल क्लच मारणे’ म्हणतात. जग्वारलाही ही उणीव ठाऊक होती. १९६४च्या अखेरीस ४.२ लिटरची ई-टाइप आली, तिला कंपनीने स्वतःचा नवा, चारही गिअरांना सिंक्रोमेश असलेला बॉक्स दिला. नंतरच्या वादात हा तपशील फार उपयोगी पडतो.

आज ई-टाइपमध्ये जे बॉक्स बसवले जातात त्यांत मूळच्या बॉर्ग-वॉर्नरच्या आणि पुढे ट्रेमेकच्या नावाने निघालेल्या टी-५ या पाच-गिअरी बॉक्सचा भरणा मोठा आहे. सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश आणि वर एक पाचवा ‘ओव्हरड्राइव्ह’ गिअर, हे त्याचे दोन लाभ. दुसऱ्याचा हिशेब सोपा आहे. मागच्या धुरीचे गुणोत्तर ३.३१ आणि चाकाचा परीघ सुमारे दोन मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटरला मूळ चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला साधारण २,७५० फेरे घेते. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८ असेल तर तेच फेरे २,२०० वर येतात. लांबच्या रस्त्यावर आवाज कमी, उष्णता कमी, पेट्रोलही कमी. बसवण्याचे काम मेहनतीचे असले तरी गूढ नाही. ई-टाइपची क्लच प्लेट बदलायची तरी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढावे लागतात, त्यामुळे अनेक मालक त्याच वेळी हा बदल उरकून घेतात. बेल हाउसिंग, मागचा आधार, प्रोपेलर शाफ्टची लांबी आणि स्पीडोमीटरची जोडणी एवढे जुळवले, की पत्रा न कापताही काम होऊ शकते.

आता प्रश्नाकडे. पाश्चात्त्य परंपरेत असा विषय निघाला की थिसियसचे जहाज हटकून पुढे केले जाते. अथेन्सवासीयांनी थिसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज शतकानुशतके जपले, कुजलेली फळी काढून त्या जागी नवी बसवत गेले, आणि ते तेच जहाज आहे की नाही यावर तत्त्वज्ञांत दोन तट पडले, असे प्लुटार्क सांगतो. इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्स याने १६५५ मध्ये त्यात भर घातली: काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते? उदाहरण प्रसिद्ध आहे, पण गिअरबॉक्सला ते जेमतेम लागू पडते. अथेन्सकरांनी फळीच्या जागी तशीच फळी बसवली होती. इथे चार गिअरांच्या जागी पाच आले आहेत, आणि काढलेला बॉक्स कुजलेला असतोच असे नाही. तो बऱ्याचदा धडधाकट असतो. जीर्ण झाले म्हणून बदलणे आणि मनाजोगते नाही म्हणून बदलणे यांत नैतिक अंतर आहे, आणि जहाजाची कथा त्या अंतराबद्दल काही बोलत नाही.

भारतीय चर्चेची सुरुवात रथापासून होते, ही मोटारीच्या दृष्टीने सोयीची गोष्ट आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की तो ज्या रथातून आला, तो रथ म्हणजे नेमके काय? धुरा रथ आहे का? चाके रथ आहेत का? आस, जू, लगाम? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे एकत्र ठेवले तर? तेही नाही. सगळ्यांपलीकडे वेगळे काही? तेही नाही. निष्कर्ष असा की रथ हे अवयवांच्या विशिष्ट मांडणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे, त्यामागे लपलेली रथ नावाची वस्तू नाही. हे मान्य केले तर ई-टाइपचा प्रश्न उठण्याआधीच मिटतो. जे कधी ‘एक’ नव्हतेच, ते ‘तेच’ राहिले का असे विचारण्यात अर्थ उरत नाही. नाव चालू आहे तोवर गाडी चालू आहे. मात्र नागसेनाचा हेतू रथाबद्दल निवाडा देण्याचा नव्हता. ‘नागसेन’ या नावामागे स्थिर आत्मा नाही हे त्याला दाखवायचे होते. गाडीच्या मालकाला ज्या प्रश्नाने झोप लागत नाही, तो नागसेनाने वाटेत जाता जाता निकालात काढला.

नैयायिकांना हे पटणे शक्य नव्हते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवीचा, म्हणजे अवयवांहून वेगळ्या अशा ‘पूर्ण’ वस्तूचा, बचाव केलेला आहे. त्यातला एक युक्तिवाद धरण्याचा आणि ओढण्याचा आहे. वस्तू म्हणजे अवयवांचा नुसता ढीग असता, तर एक भाग धरून ओढल्यावर सगळी वस्तू मागून आली नसती. वाळूच्या ढिगातली मूठ उचलली तर ढीग जागच्या जागी राहतो. बंद पडलेली गाडी पुढच्या हुकाला दोर बांधून ओढली की मागचा दिवाही सोबत येतो. म्हणून गाडी ‘एक’ आहे आणि ती आपल्या अवयवांत समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने राहते.

इथपर्यंत न्यायमत मालकाच्या बाजूचे वाटते, पण त्याची दुसरी बाजू कठोर आहे. न्याय-वैशेषिक मतात अवयवी आपल्या ठरावीक अवयवांतून उत्पन्न होतो. कापडातला एक धागा ओढून काढला की जुने कापड नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांचे नवे कापड जन्म घेते. आपल्याला ते तेच वाटते याचे कारण साम्य. हा नियम तंतोतंत लावला तर मॉस बॉक्सचे बोल्ट सुटले त्या क्षणी १९६१ची ई-टाइप संपली, टी-५ बसल्यावर तिसरीच गाडी उत्पन्न झाली, आणि क्लच प्लेट बदलतानाही दर वेळी असेच घडत आले. तर्क निर्दोष आहे. पण जो नियम गिअरबॉक्सलाही आणि वायपरच्या रबरालाही एकच उत्तर देतो, तो ‘कोणता अवयव महत्त्वाचा?’ या खऱ्या प्रश्नाला बगल देतो.

वेदान्तातून मदत मागण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि गीतेतला जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त तर जिभेवरच असतो. तो इथे बसत नाही. त्या दृष्टान्तात वस्त्रे टाकून नवी धारण करणारा देही आहे. गाडीला देही नाही. मालकाला देही मानावे, तर वस्त्र बदलल्याने वस्त्राचे काय होते हा प्रश्न गीता विचारतच नाही.

जैनांची नयांची मांडणी मात्र इथे अनपेक्षितपणे कामाची ठरते. जैन मतानुसार प्रत्येक सत् वस्तूत उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता ही तिन्ही एकाच वेळी असतात. द्रव्य टिकते, पर्याय म्हणजे त्याच्या अवस्था बदलतात. वस्तूबद्दलचे कोणतेही विधान एका दृष्टिकोनातून, एका नयातून केलेले असते आणि तेवढ्यापुरतेच खरे असते. सामान्यतः सात नय सांगितले जातात. त्यांतले तीन गिअरबॉक्सच्या वादाला थेट भिडतात. व्यवहारनय लोकव्यवहार प्रमाण मानतो. नोंदणीपुस्तकात, विम्याच्या कागदात आणि शेजाऱ्याच्या बोलण्यात ती कालचीच गाडी आहे, म्हणून ती तीच. ऋजुसूत्रनय फक्त वर्तमान क्षणाचा पर्याय पाहतो. आज ही पाच गिअरांची गाडी आहे, चार गिअरांची गाडी आता अस्तित्वात नाही. आणि एवंभूतनय वस्तूला तिचे नाव ती वस्तू त्या नावाची क्रिया करत असेल तेव्हाच लावू देतो. राजा राज्य करत असतो तेव्हाच राजा. या न्यायाने मखमली दोरीमागे उभी असलेली, मूळ बॉक्सची, एकही स्क्रू न बदललेली ई-टाइप त्या क्षणी स्पोर्ट्स कार नसते, आणि टी-५ बसवून डोंगरातल्या वळणांवर धावणारी असते.

मोटारप्रेमींतला नेहमीचा वाद पाहिला की दोन पक्ष दोन वेगळ्या नयांतून बोलत असल्याचे दिसते. मूळपणाचा आग्रह धरणारा द्रव्याबद्दल आणि इतिहासाबद्दल बोलतो. बदल करणारा क्रियेबद्दल बोलतो. एकान्त, म्हणजे आपलाच नय संपूर्ण सत्य मानणे, हा जैनांच्या मते दोष. तो दोन्हीकडे सारखाच आढळतो.

क्रियेचा मुद्दा आणखी थोडा ताणून पाहण्यासारखा आहे, कारण पीळ तिथेच आहे. गाडी सुखाने चालवायची एवढाच हेतू असता तर मालकाने ऑटोमॅटिक बॉक्स बसवला असता. तो तसे करत नाही. तो मुद्दाम दुसरा मॅन्युअल बॉक्स शोधतो, दांडा मूळ जागीच यावा म्हणून खटपट करतो, त्यावर जुनाच गोल लट्टू बसवतो. या निवडीत त्याने स्वतः कधी शब्दांत न मांडलेले एक मत दडलेले आहे: गाडीचे सार तिच्या लोखंडात नाही, हात, पाय आणि इंजिन यांच्यात घडणाऱ्या देवघेवीत आहे. वैशेषिकांच्या भाषेत द्रव्य, गुण आणि कर्म हे वेगवेगळे पदार्थ आहेत. मालकाने द्रव्य सोडून कर्म धरले.

पण कर्म तरी तेच राहिले का? मॉस बॉक्स चालकाकडून काहीतरी मागत होता. गाडी चालती असताना पहिल्या गिअरला यायचे तर डबल क्लच यायलाच हवा, दांडा हलवताना धीर हवा, इंजिनाचा आवाज कानाने मोजता यायला हवा. नव्या बॉक्समध्ये ही कला अनावश्यक होते. कोणी हौसेने डबल क्लच मारला तरी यंत्राला त्याची गरज नसते, आणि गरज नसलेले कौशल्य हळूहळू अलंकार होते. १९६१च्या चालकाचा अनुभव जपायचा असे म्हणताना त्या अनुभवातला कष्टाचा भाग तेवढा वगळला, तर जपले ते काय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप वजनदार आहे. त्याला एक उत्तरही आहे: १९६१च्या चालकालाही तो कष्ट हवा होता असे मानण्याला आधार नाही. त्याने सवय म्हणून तो सोसला, आणि कंपनीने तीन वर्षांत तो दूर केला. आज मूळ बॉक्सवर प्रेम करणाऱ्याला ती अडचण चवीसारखी लागते, कारण त्याला ती रोज सोसावी लागत नाही. मूळ बॉक्स जपणारा आणि बदलणारा, दोघेही १९६१ पासून सारख्याच अंतरावर उभे आहेत.

धार्मिक आचाराने हा प्रश्न तत्त्वज्ञांपेक्षा वेगळ्या रीतीने हाताळला, आणि त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण पुरीचे नवकलेवर आहे. ज्या वर्षी आषाढ अधिक येतो अशा वर्षी जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांच्या लाकडी मूर्ती नव्या कडुनिंबाच्या खोडांतून घडवल्या जातात. १९९६ आणि २०१५ मध्ये असे नवकलेवर झाले. दैतापती सेवक रात्रीच्या अंधारात, डोळे बांधून आणि हाताला कापड गुंडाळून, जुन्या मूर्तीच्या आतला ‘ब्रह्मपदार्थ’ नव्या मूर्तीत ठेवतात. जुन्या मूर्ती कोइली वैकुंठ या जागी भूमीत विसावतात, आणि दैतापती घरातले माणूस गेल्यासारखे सुतक पाळतात. दुसरीकडे रत्नसिंहासनावर बसलेला जगन्नाथ भक्तांसाठी तोच असतो. मरण आणि सातत्य दोन्ही एकाच विधीत मान्य केलेले आहेत, एकाने दुसऱ्याला खोडलेले नाही. इथे ओळख टिकवणारी गोष्ट लाकूड नाही. एक गुप्त गाभा, ठरलेला काळ, अधिकारी व्यक्ती आणि विधी या चौघांनी मिळून ती टिकते. जपानमधल्या इसे इथल्या शिंतो देवस्थानाची मंदिरे दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जशीच्या तशी नव्याने बांधली जातात. २०१३ मध्ये अशी बासष्टावी खेप झाली, असे तिथली परंपरा मोजते. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीला वज्रलेप करून झीज थोपवली जाते, ती वाट याच्या उलटी: द्रव्यच राखायचे, कारण तिथे मूर्ती बदलणे हा पर्यायच भाविकाच्या मनात नाही. एकाच देशातल्या भक्तिपरंपरांत दोन्ही वाटा नांदतात, यावरून ‘धर्म जुन्याला धरून ठेवतो’ हे सरसकट विधान टिकत नाही.

मोटारीच्या जगात विधीची जागा कागद घेतात. ई-टाइपच्या ओळखपट्टीवर गाडीचा, इंजिनाचा आणि बॉडीचा क्रमांक असतो, त्यांच्यासोबत गिअरबॉक्सचाही असतो. चारही क्रमांक जुळणारी गाडी बाजारात अधिक मोलाची. म्हणजे ज्या बॉक्सला सगळ्यांनी नावे ठेवली, तोच गाडीच्या खरेपणाचा एक साक्षीदार आहे. अधिकारी व्यक्तीचा प्रश्नही इथे आहे. ई-टाइपच्या साठाव्या वर्षानिमित्त जग्वारच्याच क्लासिक विभागाने जुन्या ३.८ लिटरच्या गाड्या नव्याने सिद्ध करून बारा गाड्यांची, म्हणजे सहा जोड्यांची, मालिका काढली, आणि त्यांत पाच-गिअरी मॅन्युअल बॉक्स बसवला. मूळ घराण्यानेच हात लावल्यावर तो बदल ‘परंपरेबाहेरचा’ राहिला का? शास्त्रविधीत दैतापतीचा हात आणि इतराचा हात सारखा नसतो. बाजारही असाच फरक करतो. साठ वर्षांनी नाव चालवणाऱ्या कंपनीला १९६१च्या अभियंत्यांचा अधिकार आपोआप कसा मिळतो, हे मात्र कोणी विचारत नाही. कंपनीचे मालक, कारखाने आणि माणसे बदलून गेलेली आहेत. कंपनी हेही एक थिसियसचे जहाजच.

न्यायालयात हा वाद गेला तो बेंटलीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या शर्यतीच्या गाडीमुळे. स्पीड सिक्स जातीच्या या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मॉंची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात आठ लिटरचे इंजिन आले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिचा भीषण अपघात होऊन चालक क्लाइव्ह डनफी मरण पावला, आणि मग ती पुन्हा बांधली गेली. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. ही ‘खरी’ ओल्ड नंबर वन नाही असे म्हणत खरेदीदार मागे फिरला आणि प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे आले. पुराव्यात असे दिसले की १९२९च्या गाडीतले निश्चितपणे म्हणता येईल असे जवळजवळ काहीच उरलेले नव्हते. १९३०च्या गाडीतल्या मोजक्या वस्तू उरल्या होत्या: पेडलचा शाफ्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि गिअरबॉक्सचे कवच. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. गाडी ‘मूळ’ स्थितीत नाही, पण ती अस्सल ओल्ड नंबर वन आहे, असे न्यायमूर्तींनी ठरवले. बदल एकाच वेळी झाले नव्हते, ते शर्यतीच्या गाडीच्या नेहमीच्या आयुष्यात टप्प्याटप्प्याने घडले होते, आणि त्या ओळखीवर दावा सांगणारी दुसरी गाडी कुठेही नव्हती.

निकालातले हे दोन आधार नीट पाहिले तर त्यांत हॉब्सच्या कोड्याचे व्यावहारिक उत्तर सापडते. सातत्य टप्प्याटप्प्याचे हवे आणि प्रतिस्पर्धी नको. मूळपणा आणि अस्सलपणा वेगळे काढल्याने वादाची निम्मी धग कमी होते. टी-५ बसवलेली ई-टाइप मूळ नाही, एवढे कबूल केले की ती अस्सल आहे असे म्हणायला जागा मिळते.

नोंदणीचे कायदे या सूक्ष्मतेत शिरत नाहीत, ते आकडे लावतात. ब्रिटनमध्ये फार मोठे बदल केलेल्या गाड्यांसाठी दीर्घकाळ गुणपद्धत वापरली गेली. चॅसी किंवा मूळ कवचाला पाच गुण, सस्पेन्शन, धुऱ्या, स्टिअरिंग आणि गिअरबॉक्ससह शक्ती चाकांपर्यंत नेणारी यंत्रणा यांना प्रत्येकी दोन, आणि इंजिनाला अवघा एक. जुना क्रमांक राखायला किमान आठ गुण लागत. इंजिनाला गाडीचे हृदय म्हणणाऱ्यांना हे पटणार नाही, पण या मोजणीत गिअरबॉक्सचे वजन इंजिनाच्या दुप्पट होते. आणि तो बदलूनही चौदापैकी बारा गुण उरत. भारतात २०२१च्या नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी दिली. त्यासाठी गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार होईल असे मोठे काम तिच्यावर झालेले नसावे. गिअरबॉक्सचे नाव तिथे घेतलेले नाही. तो ‘मूळ रूपात’ येतो की नाही, हे ठरवण्याचे काम नियमाने वाचणाऱ्यावर टाकले.

ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिव्हाने, २०१३च्या सुमारास अंगीकारलेली ट्युरिन सनद या सगळ्यात सर्वांत धार्मिक वृत्तीचा दस्तऐवज म्हणावा लागेल. वास्तूंसाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा आदर्श तिच्यापुढे होता. तिच्या दृष्टीने मालक हा वस्तूचा धनी कमी आणि विश्वस्त अधिक असतो. वाहन वापरात राहावे हे तिला मान्य आहे. बदल करावाच लागला तर तो शक्य तितका थोडा, उलटवता येण्याजोगा आणि नोंदलेला असावा, आणि काढलेले मूळ भाग गाडीसोबत जपावेत, अशी तिची दिशा आहे. पत्रा न कापता बसणारा टी-५ या कसोटीत बऱ्याच अंशी उतरतो. गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा कापून बसवलेला बॉक्स उतरत नाही, मग तो कितीही उत्तम चालो. इथे नैतिक निकष गाडीत काय आहे यावरून भावी मालकाला परत फिरता येते का याकडे सरकला आहे. न जन्मलेल्या माणसाचा हक्क मानणारा हा विचार कोणत्याही दर्शनाच्या अवयवी-वादापेक्षा कामाचा आहे.

यामुळे उतरवलेल्या मॉस बॉक्सला एक विचित्र स्थान मिळते. तो गाडीत नाही, पण गाडीच्या पट्टीवर त्याचा क्रमांक आहे. समजूतदार मालक त्यातले तेल काढून, तोंडे बंद करून, चिठ्ठी बांधून तो फळीवर ठेवतात आणि गाडी विकताना सोबत देतात. काही जण तो वेगळा विकून किटच्या खर्चाची भरपाई करतात. मग तो दुसऱ्या एखाद्या ई-टाइपमध्ये जातो, जिच्या पट्टीवर वेगळाच क्रमांक असतो. कधी मूळ गाडीचे कवच गंजून गेलेले असते आणि तिची पट्टी, इंजिन व हा बॉक्स एवढ्यावरून नव्या पत्र्याची गाडी उभी केली जाते. पुढे ते जुने कवचही कोणी दुरुस्त केले, तर एकाच ओळखीवर दोन गाड्या दावा सांगू लागतात, आणि ऑटन यांच्यापुढे जी अडचण आली नव्हती ती नोंदणी कचेरीपुढे येते.